लक्ष्मीरामच्या खांद्यावर बंदूक: शिक्षकांनी मिळून पुस्तक वाचायचं म्हणजे नेमकं काय

आमच्या स्टाफरूममध्ये ज्यावर बोलत नाहीत असा विषय सापडणं अवघड आहे. महागाई भत्ता, संचमान्यता (म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर होणार ते), बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम, कुणाच्या मुलीचं लग्न, कालच्या मॅचमध्ये कुणी कॅच सोडला, सगळं होतं. पण एक वाक्य मी वीस वर्षांत तिथं क्वचितच ऐकलंय आणि ते म्हणजे "आज माझा तास फसला." तास फसल्याची चर्चा होते, नाही असं नाही, पण ती मुलांची होते, "आठवी ब म्हणजे नुसता आठवडी बाजार" वगैरे. माझं काय चुकलं हे कोण कशाला सांगेल आणि सांगितलंच तर उद्या तेच गोपनीय अहवालात येणार नाही कशावरून.

हे आधी सांगितलं कारण शाळेतल्या शिक्षकांनी मिळून एक पुस्तक वाचायचं, ज्याला बाहेर स्टाफ बुक स्टडी म्हणतात आणि आम्ही साधं वाचनगट म्हणतो, त्याचा खरा उपयोग इथंच आहे असं माझं मत झालंय. ज्ञान वाढतं, नव्या पद्धती कळतात वगैरे ठीक आहे, ते ट्रेनिंगमध्येही सांगतात. पण पुस्तकामुळे आपल्या फसलेल्या तासाबद्दल आपलं नाव न घेता बोलता येतं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी झाडायची एरवी वाईट सवय, इथं मात्र तीच कामाला येते.

आधी व्याख्या उरकून टाकते. सहा ते दहा शिक्षक, एक पुस्तक, साधारण महिन्यातून एकदा सव्वा तास भेटायचं. दर वेळी पंधरा-वीस पानं आधी वाचून यायचं, त्यावर बोलायचं, त्यातली एक छोटी गोष्ट पुढच्या भेटीपर्यंत आपल्या वर्गात करून बघायची आणि पुढच्या वेळी आधी त्याबद्दल सांगायचं. झालं. मधली पायरी, म्हणजे वर्गात करून बघायची, ती गाळली तर उरतं ते वाचक मंडळ, तेही छान असतं पण त्याने मुलांच्या वर्गात काही हलत नाही.

आता ट्रेनिंग असताना हे कशाला, असा प्रश्न येतोच. आपल्याकडची बरीचशी ट्रेनिंग ही पाझर पद्धतीची, राज्यात काही लोक तयार होतात, ते जिल्ह्याला सांगतात, जिल्हा तालुक्याला सांगतो आणि तालुक्याच्या हॉलमध्ये शंभर जणांपुढे येईपर्यंत त्याचं कानगोष्टीच्या खेळासारखं होतं. साधनव्यक्ती, म्हणजे ट्रेनिंग देणारी, बिचारी पीपीटी वाचून दाखवते, पुढच्या दोन रांगा ऐकतात, मागच्या रांगेत कुणीतरी बिलं भरत असतं. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनी निवडश्रेणीचं ट्रेनिंग करायचं असतं, तिथं आपण काय शिकलो यापेक्षा प्रमाणपत्र कधी डाउनलोड होणार हाच प्रश्न ग्रुपवर जास्त वेळा येतो आणि मीही तो विचारलेला आहे, उगाच कशाला खोटं बोला.

यात दोष एकट्या शिक्षकांचा नाही. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघा शिक्षणसंशोधकांनी १९८० च्या आसपास नेमका हाच प्रश्न घेतला होता, की ट्रेनिंगमध्ये शिकलेलं वर्गापर्यंत पोचतं कधी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नुसतं सांगितलं तर कळतं पण वळत नाही. करून दाखवलं, सराव करून घेतला, त्यावर प्रतिसाद दिला तर हात बसायला लागतो, पण खरोखर रोजच्या तासात ते उतरायला नंतरही शाळेतल्या शाळेत कुणीतरी सोबत लागतं, जे विचारेल, बघेल, परत करून बघ म्हणेल. म्हणजे पोहायला शिकताना काठावर उभा राहणारा माणूस जसा, तसं. दोन दिवसांच्या ट्रेनिंगला ही सोबत देता येत नाही, ते संपलं की सगळे आपापल्या गावाला जातात. शाळेतला गट मात्र उद्याही तिथंच असतो, डबा खायला.

नवीन शैक्षणिक धोरणाने, २०२० च्या, प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक विकासाला द्यावेत अशी अपेक्षा ठेवलीय आणि त्यात स्वतःच्या आवडीनुसार हे शब्दही आहेत. आवडीनुसार या शब्दाची आपल्याकडे पोचेपर्यंत बहुतेक वेळा ठरवून दिलेल्या कोर्सची लिंक होते, पण शब्द आहे हे लक्षात ठेवावं, कधीतरी कामाला येतो.

आता आमची पहिली फजिती.

पाच-सहा वर्षांपूर्वी आम्ही हे पहिल्यांदा केलं आणि ते इतकं फसलं की दोन वर्षं कुणी नाव काढलं नाही. उत्साहाने वीस प्रती मागवल्या, पुस्तक जाडजूड, साडेतीनशे पानांचं, शिक्षणाचं मानसशास्त्र वगैरे. सगळ्या स्टाफला सक्तीचं. पहिल्या बैठकीला दीपप्रज्वलन झालं, हो खरंच, समई आणली होती, मग प्रास्ताविक, मग एका नव्या शिक्षणसेवकाला, म्हणजे अजून कायम न झालेल्या शिक्षकाला, पहिल्या तीन प्रकरणांचा सारांश वाचायला लावला कारण त्याला नाही म्हणता येणार नव्हतं. त्याने बिचाऱ्याने चाळीस मिनिटं वाचला. बाकी एकोणीस जणांनी पुस्तक उघडलंच नव्हतं, उघडायची गरजच नव्हती ना, सारांश मिळत होता. मग अध्यक्षीय समारोप, आभार, फोटो, फोटो ग्रुपवर, वर्तमानपत्रात चार ओळी. दुसऱ्या बैठकीला प्रत्येकाकडून एक पानी अहवाल मागवला, तो सगळ्यांनी एकमेकांचा बघून लिहिला. मुलं करतात तेव्हा आपण त्याला कॉपी म्हणतो. तिसरी बैठक झाली नाही.

त्यात चुकलं काय ते आज सांगता येतं. पुस्तक आमच्या कुठल्याच अडचणीतून आलेलं नव्हतं. गट फार मोठा होता. सक्ती होती. आणि सगळ्यात वाईट, बैठक चालवणारी व्यक्ती आणि आमचा अहवाल लिहिणारी व्यक्ती एकच होती.

दुसऱ्यांदा सुरुवात झाली ती मुद्दाम कुणी केली नाही. नववीच्या वर्गात मुलं गप्पच बसत नाहीत यावर डबा खाताना रडगाणं चाललं होतं, तेव्हा आमच्या चित्रकलेच्या मॅडमनी पिशवीतून गिजुभाई बधेकांचं दिवास्वप्न काढलं आणि म्हणाल्या यात पहिल्या दिवशीच त्या मास्तरची कशी वाट लागते बघा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, गिजुभाई म्हणजे भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० मध्ये बालमंदिर सुरू करणारे शिक्षक. त्यांचं हे पुस्तक नव्वदेक वर्षांपूर्वीचं, मूळ गुजराती, मराठीत मिळतं, शंभरेक पानांचं बारकंसं. त्यात लक्ष्मीराम नावाचा एक माणूस शिक्षणाधिकाऱ्याकडून चौथीचा एक वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो आणि वर्षभर काय काय करतो त्याची ही कल्पित गोष्ट.

तर पहिल्या दिवशी हा लक्ष्मीराम काय करतो, मोठ्या तयारीने शांततेचा खेळ घेतो. दारं-खिडक्या बंद, सगळ्यांनी गप्प बसायचं. आणि पोरं त्याची भंबेरी उडवतात, कुणी आवाज काढतं, कुणी हसतं, कुणी टाळ्या वाजवतं, शेवटी तो कंटाळून मुलांना सुट्टी देऊन टाकतो आणि वर साहेबांची बोलणी खातो. दुसऱ्या दिवसापासून तो गोष्ट सांगायला लागतो आणि गाडी रुळावर येते.

हे एवढं वाचून आम्ही सात जण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बसलो. कुणी काही ठरवलं नव्हतं. गणिताचे सर, रिटायरमेंटला तीन वर्षं राहिलेली, वर्गात ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने मुलं गप्प होतात, ते म्हणाले, "या लक्ष्मीरामाला अक्कल नाही, अहो ओळख नाही पाळख नाही आणि डायरेक्ट गप्प बसा?" मग थोडं थांबून म्हणाले, "मी पण पहिल्या वर्षी असंच केलं होतं. पोरांनी माझ्या खुर्चीला खाजकुइली लावली होती." आम्ही हसून हसून बेजार. पण त्यानंतरचा पाऊण तास जो गेला तसा त्या खोलीत मी कधी बघितला नव्हता, एकेक जण आपापला फसलेला तास सांगत होतं, आणि नाव लक्ष्मीरामचं.

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आपला सहकारी समोर बसलेला असताना त्याच्या शिकवण्यावर टीका करता येत नाही, आपल्यावर करून घेणं तर त्याहून अवघड. पुस्तकातला मास्तर मात्र सगळ्यांच्या मध्ये ठेवता येतो. त्याला शिव्या द्या, त्याचं कौतुक करा, तो काही बदलीचा अर्ज करणार नाही. आणि बोलता बोलता गाडी आपल्या वर्गावर येतेच. म्हणून माझं सांगणं असं की पहिलं पुस्तक निवडताना सिद्धांताचं निवडू नका, ज्यात वर्ग आहे, मुलं आहेत, फजिती आहे, असं निवडा. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेचं, तिच्या लहानपणच्या शाळेबद्दलचं तोत्तोचान, चेतना सरदेशमुख गोसावींनी मराठीत आणलेलं, तेही चालतं. फक्त त्यात एक गोम आहे, ती पुढे सांगते.

आता बैठक चालवायची कशी, कारण नुसतं "चर्चा करू या" म्हटलं की काय होतं माहितीये, दोन जण बोलतात आणि बाकीचे घड्याळ बघतात. ते दोन जण कोण हेही ठरलेलं असतं. यासाठी काही साध्या रीती आहेत. मला सगळ्यात आवडलेली म्हणजे शेवटचा शब्द. प्रत्येकाने वाचताना खटकलेलं किंवा पटलेलं एक वाक्य कार्डावर लिहून आणायचं. एकाने आपलं वाक्य वाचायचं आणि गप्प बसायचं, का निवडलं ते सांगायचं नाही. मग बाकीच्यांनी पाळीपाळीने एकेक मिनिट त्या वाक्यावर बोलायचं, आणि सगळ्यात शेवटी वाक्य आणणाऱ्याने आपलं म्हणणं सांगायचं, त्यावर कुणी उत्तर द्यायचं नाही. ऐकायला फार बाळबोध वाटतं आणि पहिल्या वेळी आम्हाला लाजही वाटली, पण याने दोन गोष्टी झाल्या. जास्त बोलणाऱ्यांना एक मिनिटाचा लगाम बसला, आणि त्या शिक्षणसेवकाला, तोच तो सारांशवाला, पहिल्यांदा शेवटचा शब्द मिळाला. तो काय बोलला ते मी लिहीत नाही, पण त्यानंतर त्याच्याकडे कुणी झेरॉक्स काढायला पाठवायचा पोरगा म्हणून बघितलं नाही एवढं खरं.

पुस्तक जाड असेल तर लोक ते वाटून घेतात, एकेकाने एकेक प्रकरण वाचायचं आणि बाकीच्यांना शिकवायचं. याला जिगसॉ म्हणतात आणि ही पद्धत मुळात मुलांसाठी होती, एलियट आरन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात ती काढली. तिथं गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि वातावरण तापलेलं होतं. प्रत्येक मुलाकडे धड्याचा एक तुकडा दिला, म्हणजे दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुराच होणार नाही. कल्पना झकास आहे, पण शिक्षकांच्या गटात माझा अनुभव बरा नाही, कारण आपण लगेच पुन्हा सारांशावर येतो आणि पूर्ण पुस्तक कुणाच्याच डोक्यात राहत नाही. त्यापेक्षा बारीक पुस्तक घ्या. किंवा पुस्तकच कशाला, चार पानांचा लेखही चालतो.

चार पानांवरून आठवलं. आमच्या तिसऱ्या बैठकीला आम्ही वाचलं ते पुस्तक नव्हतंच, प्रश्न विचारून थांबण्याबद्दलचा एक छोटा लेख होता. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग ऐकली आणि त्यांच्या लक्षात आलं की शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघतात साधारण एक सेकंद. एक! मग दुसऱ्या मुलाकडे वळतात नाहीतर स्वतःच उत्तर सांगतात. तेच तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांब होतात, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात, माहीत नाही म्हणणं कमी होतं. आमच्यात कुणाचा विश्वास बसेना, एक सेकंद म्हणजे काय, आम्ही तर थांबतो की. म्हणून ठरवलं की दोन आठवडे फक्त एवढंच करायचं, दुसरं काही नाही, प्रश्न विचारला की मनात तीन मोजायचे.

गणिताच्या सरांच्या तासाला मी पुढे खिडकीशी, कडेला जाऊन बसले होते, त्यांनीच बोलावलं होतं. त्यांनी फळ्यावर एक समीकरण लिहिलं, विचारलं "पुढची पायरी काय?" आणि हात पाठीमागे घेतले. मला बाजूने ते हात दिसत होते. अंगठा तर्जनीवर, मग मधल्या बोटावर, मग अनामिकेवर, तीन. तुम्हाला सांगते, तीन सेकंद वर्गात इतके लांब असतात की माझ्याच पोटात गोळा आला. पहिल्या बाकावरच्या नेहमीच्या दोघांचे हात वर होतेच, सर त्यांच्याकडे बघेनात. मग अंगठा पुन्हा तर्जनीवर आला, म्हणजे चौथा. आणि तेव्हा मधल्या रांगेतून एक मुलगी, जिचा आवाज मी मराठीच्या तासाला पण ऐकला नव्हता, हळूच म्हणाली, "सर, दोन्ही बाजूंना चारने भागलं तर?" उत्तर बरोबर होतं की नाही हे मला आता आठवत नाही, चुकलं असावं बहुतेक, कारण सर म्हणाले "का भागावं वाटलं तुला?" आणि पुन्हा हात पाठीमागे.

पुढच्या बैठकीत सरांनी सांगितलं ते असं, "तीन सेकंदांनी माझा धडा अर्धा मागे पडला, पोर्शन कोण पुरा करणार?" ही तक्रार खरी होती. यावर आमच्यात चांगलीच जुंपली. सायन्सच्या मॅडमचं म्हणणं, प्रत्येक प्रश्नाला थांबायचंच नाही, तासात दोनच प्रश्न निवडायचे ज्यांना विचार करावा लागतो आणि तिथं थांबायचं, बाकी "बेरीज किती" ला कशाला थांबता. हे कुठल्या लेखात लिहिलेलं नव्हतं, आम्ही आमच्या वर्गातून काढलेलं होतं. वाचनगटाचं फळ विचाराल तर मी हेच दाखवीन.

याला काही पुरावा आहे का, की आमची आपली हौस? वाचनगट केला म्हणून मुलांचे मार्क वाढले असं छातीठोक मी सांगणार नाही. पण जवळचा एक पुरावा भक्कम आहे. इंग्लंडमध्ये डिलन विल्यम हे शिक्षणतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखलेल्या एका कार्यक्रमाची एज्युकेशन एंडाउमेंट फाउंडेशन या संस्थेने मोठी चाचणी करून घेतली, निकाल २०१८ मध्ये आले. १४० माध्यमिक शाळा, दोन वर्षं. शाळेतलेच शिक्षक महिन्यातून एकदा सव्वा तास भेटायचे, वर्गात शिकवता शिकवताच मुलांना किती कळलंय हे कसं तपासायचं यावर थोडं वाचायचे, आपण काय करणार ते ठरवायचे, एकमेकांचे तास बघायचे आणि पुढच्या बैठकीत आधी गेल्या महिन्यात काय झालं ते सांगायचे. त्या शाळांमधल्या मुलांची प्रगती इतर शाळांपेक्षा साधारण दोन महिन्यांच्या अभ्यासाइतकी जास्त निघाली. दोन महिने हा आकडा छोटा वाटेल, पण खर्च बघा, बाहेरचा तज्ज्ञ दर महिन्याला नाही, स्मार्ट बोर्ड नाही, काही नाही. तो वाचनगट नव्हता, त्यांचं साहित्य तयार होतं, पण सांगाडा हाच, आणि सगळ्यात महत्त्वाचं हाड म्हणजे "गेल्या वेळी ठरवलेलं त्याचं काय झालं" हा सुरुवातीचा भाग. आम्ही तो सुरुवातीला शेवटी ठेवायचो, वेळ संपायचा आणि सगळे सुटायचे. पहिल्यांदा ठेवला की सुटका नाही.

आता तोत्तोचानची गोम. ते पुस्तक वाचून आमच्या अर्ध्या गटाचे डोळे भरून आले, मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्या दिवशी छोट्या तोत्तोचानचं चार तास ऐकून घेतात वगैरे, आणि उरलेला अर्धा गट भडकला. कारण तिच्या त्या तोमोए शाळेत सगळी मिळून पन्नासेक मुलं. आमच्या एका नववी अ मध्ये चौसष्ट. एकेकाचं चार तास ऐकायचं तर दोनशे छप्पन्न तास झाले, हिशेब अर्थात गणिताच्या सरांचा. हसण्यावारी नेलं तरी मुद्दा बरोबर आहे. प्रत्येक पुस्तकाला हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कुठला वर्ग, किती मुलं, कोण शिक्षक, त्याच्यावर बीएलओचं काम होतं का. हे न विचारता वाचलं की एकतर भक्ती तरी होते नाहीतर "हे आपल्याकडे चालणार नाही" म्हणून पुस्तक मिटतं. मधली वाट म्हणजे यातलं चौसष्ट मुलांत काय करता येईल ते शोधायचं. आमच्या एका मॅडमनी रोज एका मुलाशी मधल्या सुट्टीत पाच मिनिटं बोलायला सुरुवात केली, यादी करून, हजेरी क्रमांकाने. तीन महिन्यांत वर्ग पुरा झाला.

दुसरा धोका जास्त गंभीर. पुस्तकात छापलंय म्हणून खरं असतं असं नाही आणि गटाने मिळून वाचलं तर चूकही सगळ्या शाळेत एकदम पसरते. उदाहरण द्यायचं तर काही मुलं बघून शिकणारी, काही ऐकून, काही हाताने करून, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या शैलीत शिकवा, हे तुम्ही बीएडपासून ऐकलं असेल. मीही पाठाच्या टाचणात लिहायचे. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन गोळा करून तपासलं आणि शैलीप्रमाणे शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याला पुरेसा आधार नाही असं सांगितलं. मुलांना आवडीनिवडी असतात, पण नकाशा सगळ्यांनी बघायलाच लागतो आणि कविता सगळ्यांनी ऐकायलाच लागते. म्हणून गटात एकाने तरी दर वेळी विरोधी पक्षनेता व्हायचं, काम एकच, "हे यांना कसं कळलं?" विचारायचं. पाळी लावा, नाहीतर ती एकाच माणसाची ओळख होऊन बसते.

मुख्याध्यापकांचं काय, हा नाजूक विषय. त्यांनी यावं की न यावं? यावं, पण वाचून यावं आणि इतरांसारखं कार्ड घेऊन बसावं. खुर्ची वेगळी नको, समारोप नको. आमचे सध्याचे मुख्याध्यापक पहिल्या तीन बैठकांना आले नाहीत आणि ते बरंच झालं. चौथ्याला आले तेव्हा त्यांनी वाक्य वाचलं आणि म्हणाले, "मला परिपाठ घेता येत नाही, मी नुसत्या सूचना देतो." बाकी काही बोलले नाहीत. मग माणसं मोकळी झाली. आणि त्यांच्याकडून खरी मदत हवी असते ती वेगळीच, वेळापत्रकात शनिवारचा तो सव्वा तास राखून ठेवणं, त्या वेळेत मीटिंग न लावणं, आणि बैठकीचा फोटो न मागणं. अहवाल, उपस्थितीपत्रक, गुण, परीक्षा, यातलं काहीही आलं की लोक पुन्हा एकमेकांचं बघून लिहायला लागतात, हे लिहून ठेवा.

चालवणारा माणूस दर वेळी बदलायचा. त्याने तज्ज्ञ असायची गरज नाही, घड्याळ बघायचं आणि न बोललेल्याकडे एकदा बघायचं, बास. महिने निवडताना शाळेचं वर्ष बघा, जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर आणि नोव्हेंबर-डिसेंबर-जानेवारी, सहा बैठका भरपूर झाल्या. ऑक्टोबरात सहामाहीचे पेपर, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, तिथं वाचनगट लावला तर शिव्या खाव्या लागतील. प्रती विकत घ्या, नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात, आणि अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर मराठीतली बरीच पुस्तकं फुकट वाचायला आहेत. पालकनीती किंवा शैक्षणिक संदर्भचा एखादा अंक घेतलात तरी दोन बैठकांचा माल निघतो.

द्विशिक्षकी शाळांचा प्रश्न वेगळा. दोघांत कसला गट. पण केंद्रातल्या, म्हणजे एका केंद्रप्रमुखाखालच्या, चार-पाच वाड्यावस्त्यांवरच्या शाळा मिळून आठ-दहा जण होतात, आणि शिक्षण परिषदेला महिन्यातून एकत्र येणं तर असतंच, त्यातला शेवटचा एक तास केंद्रप्रमुखांनी दिला तर वेगळं जायला नको. माझी मैत्रीण जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, तिचा गट फोनवर चालतो, रात्री नऊ वाजता, स्वयंपाक-भांडी आटपल्यावर. ती म्हणते नेटवर्क गेलं की शेवटचा शब्द आपोआप शेवटचा ठरतो.

या वर्षी आमच्याकडे प्रिय बाई चाललंय. इटलीतल्या बार्बियाना नावाच्या डोंगरातल्या गावच्या आठ पोरांनी मिळून, त्यांना नापास करणाऱ्या शिक्षिकेला लिहिलेलं पत्र, १९६७ चं. गरिबांची मुलंच का गळतात हे ती पोरं हिशेब मांडून विचारतात आणि भाषा अशी की आपल्यालाच उद्देशून लिहिलंय असं वाटतं. पाचवी आणि आठवीला पुन्हा नापास करता येईल अशी दुरुस्ती शिक्षणहक्क कायद्यात २०१९ मध्ये झाली, त्यामुळे हा विषय आमच्यासाठी पुस्तकातला राहिलेला नाही. गेल्या शनिवारी सायन्सच्या मॅडम म्हणाल्या, वाचता येत नसताना पुढे ढकलणं ही पण फसवणूकच आहे. गणिताचे सर म्हणाले, नापास करून शाळा सुटली तर ती कुणाची फसवणूक. सव्वा तास संपला तेव्हा दोघंही उभे राहून भांडत होते, शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात.

सरांची रिटायरमेंट मे महिन्यात आहे. त्यांची दिवास्वप्नाची प्रत त्यांनी परवा लायब्ररीत जमा केली, मी उघडून बघितली. शांततेच्या खेळाच्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिलंय, "खाजकुइली, १९९१."